नवरा दर मंगळवारी पोकर खेळायला जातो, काळजी करू का?

हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनात हल्ली फार येतो, कधी बायको विचारते कधी आई, म्हणून एक केस सविस्तर सांगते. त्या नवरा-बायको दोघांची परवानगी घेतलीये, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

ती मूळची साताऱ्याकडची, लग्नानंतर सहा वर्षं इंग्लंडमध्ये. व्हिडिओ कॉल सुरू झाला आणि पहिलंच वाक्य, "मॅडम, माझा नवरा जुगारी झालाय." झालं असं होतं की त्याचं जॅकेट धुवायला टाकताना खिशात लाल रंगाची एक चिप सापडली, कॅसिनोत पैशांऐवजी वापरतात तसली चकती. मंगळवारी तो बॅडमिंटनला जातो असं सांगायचा आणि चार महिने ती त्याच्यासाठी डब्यात फळं कापून देत होती. हे सांगताना ती रडली, पैशांचं बोलताना नाही रडली, त्या फळांचं बोलताना रडली. मी वहीत तेवढंच लिहून घेतलं.

तिच्या आजोबांनी तीन पत्तीत ओढ्याकडचं दीड एकर घालवलं होतं. आजी नंतर दुसऱ्यांच्या शेतावर रोजाने गेली. त्या घरात पत्त्यांचा कॅटसुद्धा ठेवत नाहीत, गणपतीच्या जागरणालाही नाही. म्हणजे चिप हातात आली तेव्हा तिला नवरा दिसलाच नाही, आजोबा दिसले. हे मी तिला तेव्हा बोलले नाही, आधी त्याला भेटायचं होतं.

पुढच्या वेळी दोघं आले. तो शांत, जरा घाबरलेला. म्हणाला घराजवळच्या पबमध्ये टूर्नामेंट असते, पाच पाउंड एंट्री, वीसेक जण, टेक्सस होल्डेम म्हणजे पोकरचाच एक प्रकार. आता इथे थोडी माहिती द्यायला हवी कारण "पोकर" शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटीच येतात. ब्रिटनमध्ये २००५ च्या जुगार कायद्याने पबमधल्या पोकरला मर्यादा घातल्यात, एका खेळात माणशी जास्तीत जास्त पाच पाउंड लावायचे, बक्षीस शंभर पाउंडांच्या वर नाही, आणि पबवाल्याने त्यातला हिस्सा कापून घ्यायचा नाही. टूर्नामेंटमध्ये सगळ्यांना सारख्या चिप्स मिळतात, ठराविक वेळाने सक्तीची बोली म्हणजे ब्लाइंड वाढत जाते, चिप्स संपल्या की माणूस उठला. त्या चिप्सची किंमत टेबलाबाहेर शून्य. महिन्याला वीस पाउंड, घरच्या बजेटला धक्का नाही.

मग मी माझे नेहमीचे दोन प्रश्न विचारले. जुगाराच्या व्यसनाची पहिली चाचपणी करायला हे बऱ्याच ठिकाणी वापरतात: आणखी आणखी पैसे लावावेसे वाटतात का, आणि किती खेळतो याबद्दल जवळच्या माणसांशी खोटं बोलावं लागलंय का. दोन्हीपैकी एकाला जरी हो आलं तरी त्याला लगेच व्यसनी ठरवायचं नसतं, पण खोलात जायचं. दुसऱ्याचं उत्तर तर समोरच होतं. पहिल्याला तो "नाही" म्हणाला, पण मान खाली घालून म्हणाला.

मी तिला सुचवलं की एक मंगळवार त्याच्यासोबत जाऊन बस. तिला ते अजिबात पटलं नव्हतं, तरी गेली. परत आली तेव्हा आवाज वेगळाच. "मॅडम, तीन तास बसले, बहुतेक वेळ हा पत्ते टाकूनच देत होता! दोन पत्ते बघायचे, ठेवून द्यायचे, डाव सोडायचा." तिला वाटत होतं सगळे आरडाओरडा करत पैसे फेकत असतील. पण तिने आणखी एक पाहिलं. हा बाद झाल्यावर एकाने खांद्यावर हात ठेवून विचारलं, शनिवारी येतोयस ना, आणि याने आधी तिच्याकडे बघितलं.

तिथे खरी गोष्ट होती. शनिवारी कुणाच्या तरी घरी कॅश गेम चालायचा. घरात खासगी खेळायला तिथे मनाई नाही, पण पबसारखी पाच पाउंडांची मर्यादाही नाही. टूर्नामेंट आणि कॅश गेम दोन्हीला पोकरच म्हणतात, पत्ते तेच, नियम जवळपास तेच, पण कॅश गेममध्ये समोरची चिप म्हणजे खरे पैसे, संपले की खिशात हात घालायचा आणि पुन्हा बसायचं, उठवणारं कोणी नाही. तो दोनदा गेला होता. पहिल्यांदा साठ हरला, दुसऱ्यांदा ते साठ परत आणायला गेला आणि एकशेवीस हरला. गेलेले पैसे आणायला परत जाणं, याला मी रकमेपेक्षा जास्त घाबरते. जुगाराच्या विकाराचं निदान करताना जी नऊ लक्षणं बघतात त्यात हे एक आहे, वर्षभरात चार किंवा जास्त दिसली तर निदान होतं. याची दोन होती, हे आणि खोटं बोलणं. म्हणजे आजारी नव्हता, पण रस्ता तोच होता, आणि हे मी त्याला स्पष्ट सांगितलं.

तो म्हणाला, "हिला सांगितलं असतं तर पाच पाउंडांवरूनही घर डोक्यावर घेतलं असतं." खरंय ते. आणि तिची भीतीही खरी आहे. दोन्ही एकदम खरं असू शकतं हे पटायला आम्हाला तीन सेशन लागली.

ठरलं ते साधं. मंगळवार राहील, शनिवार बंद. त्याने कॉलवरच तो शनिवारचा ग्रुप सोडला, मोबाइल तिच्याकडे वळवून. फोनवरच्या साइट्ससाठी गॅमस्टॉपमध्ये, म्हणजे स्वतःच स्वतःवर बंदी घालून घ्यायच्या तिथल्या यादीत, पाच वर्षांसाठी नाव टाकलं, ब्रिटनमधल्या लायसन्सवाल्या सगळ्या ऑनलाइन साइट्स त्याने बंद होतात. (आपल्याकडे ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळच बंद केलेत. तरी ज्यांना सुटत नाही त्यांनी १४४१६ ला, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, मराठीत बोलता येतं.)

सात महिने झाले. मध्ये एकदा त्याचा पहिला नंबर आला, बक्षिसाचे पैसे त्याने तिच्या हातात दिले आणि तिने ते दोन दिवस टेबलावर तसेच ठेवले, हात लावला नाही. मग किराणा आणला.

शेवटच्या सेशनला मी विचारलं, साताऱ्याला आईला सांगितलंस का. ती गप्प. आई मंगळवारी फोन करते आणि जावई कुठे विचारते, तेव्हा ही अजून "बॅडमिंटनला" असंच सांगते. बोलता बोलता तिच्या ते लक्षात आलं आणि तिने नवऱ्याकडे बघितलं. दिवाळीत येणारेत, तेव्हा दोघं मिळून सांगणार म्हणाले.