सांगलीहून जपानमधल्या सापोरोच्या बर्फ महोत्सवाला जातोय. सोबत आजी आणि दोन मुलं. महाबळेश्वरला वापरतो ते स्वेटर पुरतील का?

नुसते स्वेटर पुरणार नाहीत, पण त्याहून जास्त काळजी बुटांची करा. फेब्रुवारीत तिथं दिवसाही पारा शून्याच्या आसपास असतो, रात्री उणे ६-७. आणि महोत्सव जिथं भरतो त्या ओदोरी पार्कातला तुडवलेला बर्फ काचेसारखा गुळगुळीत होतो. आईला घेऊन गेलो होतो म्हणून सांगतो: बुटांखाली चढवायचे दातेरी रबरी पट्टे तिथल्या दुकानांत मिळतात, पोचल्या पोचल्या घ्या. आत थर्मल, मग तुमचे स्वेटर, वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. आजींना स्टेशनपासून ओदोरीपर्यंत भुयारी मार्गानेच न्या. मुलं मात्र बर्फाच्या शिल्पांपुढं फार वेळ रमत नाहीत (आमची तरी नाही). घसरगुंड्या महोत्सवाच्या दुसऱ्या ठिकाणी, त्सुदोमुला (Tsudome) असतात, त्यासाठी अर्धा दिवस वेगळा ठेवा.