दोन रात्री फोन बंद ठेवला म्हणून

*ताई, मी पुण्यात हॉस्टेलवर राहते, बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमचं गेट साडेआठला बंद व्हायचं आणि मुलांचं अकराला. त्यावरून पहिल्या वर्षी आम्ही सह्या गोळा केल्या आणि वेळ दहापर्यंत वाढवून घेतली. तेव्हापासून आमचा गट आहे. पण छेडछाडीची तक्रार असो की घरून लग्नाची घाई असो, मुली माझ्याच खोलीवर येतात. रात्री दोनलाही फोन येतात. माझा एक पेपर राहिलाय, गौरी-गणपतीला घरी गेले नाही, केस मुठीने गळतायत. मागच्या महिन्यात मी दोन रात्री फोन बंद करून झोपले. त्यातल्या एका रात्री एक ज्युनियर मला फोन लावत होती. ती सुखरूप आहे. पण गटातली एकजण सगळ्यांसमोर म्हणाली, "तिला काही झालं असतं तर? सावित्रीबाईंनी शेणाचे गोळे झेलले आणि आपल्याला झोप प्यारी." तेव्हापासून झोपच लागत नाही. मी स्वार्थी झालेय का? गट सोडू का?*

*– एक विद्यार्थिनी*

बाळा, स्वार्थी तू अजिबात नाहीस. गट सोडायचा की नाही, ते मात्र आत्ता ठरवू नकोस. महिनाभर धड झोप नसताना असले निर्णय घेऊ नयेत.

आधी सावित्रीबाईंबद्दल बोलते, कारण ते वाक्य तुला लागलंय आणि वाचताना मलाही लागलं. शेणाचे गोळे आपल्याला सगळ्यांना पाठ असतात, पण पिशवीतलं लुगडं कुणी आठवत नाही. शाळेत जाताना त्या एक जास्तीचं लुगडं बरोबर ठेवायच्या आणि पोचल्यावर बदलायच्या. मळलेल्या लुगड्यात दिवसभर उभं राहायचं, असं काही त्यांनी स्वतःला लावून घेतलं नव्हतं. आणि १८५६ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी जोतीरावांना लिहिलेलं पत्र मिळवून वाच. ते त्यांनी माहेराहून, नायगावहून लिहिलंय. आजारी पडल्या म्हणून त्या तिकडे होत्या आणि भावाने त्यांची सेवा केली होती. इकडे पुण्यात शाळेचा भार त्यांच्या सहकारी शिक्षिका फातिमा शेख यांच्यावर पडला होता. फातिमाला आपल्यामागे त्रास होत असेल, हे सावित्रीबाईंना कळत होतं. ती समजून घेईल, कुरकुर करणार नाही, हा भरवसाही त्या पत्रात आहे. शाळा सुरू होऊन तेव्हा आठ वर्षंच झाली होती आणि गावाचा विरोध काही संपलेला नव्हता. तरी त्या बऱ्या होईपर्यंत माहेरी राहिल्या.

त्यांच्या मागे फातिमा होत्या. तुझ्या मागे कोण आहे? पत्रात 'आमचा गट' आहे, पण कामाचं नाव आलं की सगळीकडे 'मी' येतो. मला काळजी वाटली ती त्याची.

आमची पिढी मथुरा प्रकरणानंतर चळवळीत आली. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला १९७२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने त्या पोलिसांना सोडलं १९७८ मध्ये आणि बलात्काराचा कायदा बदलला १९८३ मध्ये. इतकी वर्षं चाललेल्या कामात कुणी बाळंतपणाला जातं, कुणाला कावीळ होते, कुणाची परीक्षा असते. काम दुसऱ्या हातात जातं आणि पुढे सरकतं.

मी पंचविशीत असताना आमचं बायकांसाठीचं मदत केंद्र एका शाळेच्या वर्गात भरायचं, आठवड्यातून दोन संध्याकाळी. एका वेळी दोघींनी बसायचं, आलेल्या बाईची हकिगत वहीत लिहायची, पानाखाली दोघींनी सही करायची. वही तिथल्याच लोखंडी कपाटात राहायची, घरी न्यायची नाही. मी एकदा नेली. एका बाईचं प्रकरण डोक्यातून जात नव्हतं, म्हणून रात्री ओट्याशी वही उघडून बसले आणि पहाटेपर्यंत तीच चार पानं वाचत राहिले. दुसऱ्या दिवशी आमच्या ज्येष्ठ बाईंनी वही मागून घेतली, कपाटात ठेवली, किल्ली कमरेला खोचली आणि म्हणाल्या, "ती बाई गुरुवारी परत येणार आहे. तेव्हा तू इथे हवीस, अंथरुणात नकोस." मला तेव्हा फार राग आला होता.

तुझी वही म्हणजे तुझा फोन. पोरींचे स्क्रीनशॉट, रडत पाठवलेल्या व्हॉइस नोट्स, सगळं तुझ्या उशाशी. ते तुझ्या तब्येतीला वाईट आणि त्या मुलींच्या गोपनीयतेलाही. गटासाठी एक साधा फोन आणि वेगळं सिम घ्या. आठवडे वाटून घ्या, दर आठवड्याला दोघी. तुझा स्वतःचा नंबर कुणाला द्यायचा नाही. रात्रीसाठी काय करायचं, हे हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर लिहून लावा: धोका असेल तर रेक्टर आणि ११२. एखादी मुलगी जीव द्यायची भाषा करत असेल, तर ते एकट्या विद्यार्थिनीने निभावायचं नसतंच. तिला एकटं सोडायचं नाही, रेक्टरला उठवायचं आणि टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन लावायचा. तो चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. हे आधीच लावलेलं असतं, तर त्या ज्युनियरला त्या रात्री दुसरं दार ठोठावता आलं असतं. चूक झाली असेल तर ती ही, आणि ती अख्ख्या गटाची.

छेडछाडीच्या तक्रारींचं म्हणशील, तर त्यासाठी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने कॉलेजात अंतर्गत समिती असलीच पाहिजे. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल, तर यूजीसीच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे त्या समितीवर निवडून आलेले विद्यार्थीही हवेत. तुमच्याकडे ते कोण आहेत? सांगता येत नसेल, तर सह्यांची पुढची मोहीम त्यासाठी काढा. मुलीला तक्रार लेखी देता येत नसेल, तर लिहायला मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यायची असते, सबळ कारण असेल तर मुदत आणखी तीन महिने वाढते. म्हणजे अर्ज सकाळी दहा वाजता, चहा घेऊन लिहिला तरी चालतो. तू मुलीबरोबर जा, दाराबाहेर बस, तिचा हात धर. समितीचं काम मात्र तू करू नकोस. तू करत राहिलीस की त्यांना न करायची सवय लागते.

तुला बोलली ती मैत्रीणही घाबरलेली असणार. त्या ज्युनियरच्या जागी तिला काय काय दिसलं असेल, कोण जाणे. पण सगळ्यांसमोर बोलली ते चुकलंच. तिला एकटीला गाठ, नायगावच्या पत्राची गोष्ट सांग, आणि पहिला आठवडा तिलाच घ्यायला सांग.

मग तू घरी जा. चार दिवस नको, चांगले पंधरा दिवस जा. केस मुठीने गळतायत म्हणतेस, तर तिथे रक्त तपासून घे, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड दोन्ही. राहिलेल्या पेपरची पुस्तकं घेऊन जा. गटाचा फोन तुझ्या बॅगेत गेला नाही ना, हे कुणाला तरी बघायला सांग.

पोचलीस की दोन ओळी टाक. कुठला पेपर राहिलाय ते लिहिलं नाहीस, तेही कळव.

– ताई