ऑपरेशनची तारीख घेण्याआधी स्लीप स्टडी करून घ्या

ताई, तुमचं लिहिलेलं वाचलं आणि राहवलं नाही. मिस्टरांचं घोरणं चढत जातं, मधेच एकदम बंद पडतं, मग ते दचकून श्वास घेतात. दिवसा बसल्या जागी डोळा लागतो. आणि नाकाचं हाड वाकडं निघालं म्हणून ऑपरेशनची तारीख घ्यायला सांगितलीय. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. मी डॉक्टर नाही, तेव्हा हे अनुभवातून आलेलं मत म्हणून वाचा. वजन, कुशीवर झोपणं, रात्री लवकर जेवणं हे सगळं तुमचं करून झालं असणारच, त्यात शिरत नाही.

माझं सांगणं एकच आहे. स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेतला श्वास आणि ऑक्सिजन मोजणारी तपासणी, झाल्याशिवाय ऑपरेशनला हो म्हणू नका.

आम्ही ज्या हॉस्पिटलमध्ये गेलो तिथे मी हे स्वतः विचारलं होतं, कारण नणंदेच्या सासऱ्यांना श्वासाचं यंत्र लागलेलं मला माहीत होतं. डॉक्टर म्हणाले, गरज वाटत नाही, हाड सरळ केलं की होईल. विम्याच्या काउंटरवर सांगितलं, "तपासणीचे पैसे मिळणार नाहीत, ऑपरेशन मात्र कॅशलेस होईल." झालं. नाक छान मोकळं झालं, घोरणंही थोडे दिवस कमी वाटलं, आणि मग पुन्हा पहिल्यासारखं. परत गेलो तर "आतली सूज उतरू द्या" म्हणून नाकात मारायचा स्प्रे. पुढच्या वेळी दुसरा स्प्रे. रात्री यांचा श्वास थांबतो का, हे तिथे कुणी एकदाही विचारलं नाही. मी सांगायला गेले तर "घोरणारे सगळे असेच असतात" म्हणून वाटेला लावलं. तोवर बीपीच्या एका गोळीच्या दोन झाल्या. सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखायचं. रात्री लघवीला सारखं उठायला लागतं म्हणून प्रोस्टेटची सोनोग्राफीसुद्धा झाली. आणि एका रात्री साताऱ्याहून पुण्याला येताना स्टेअरिंगवर यांचा डोळा लागला. शेजारी मी जागी होते म्हणून निभावलं. पैशांचं सोडा, ती वर्षं वाया गेली याचा राग माझ्या मनातून आजही जात नाही.

शेवटी बीपी हाताबाहेर जातंय म्हणून आमच्या फॅमिली डॉक्टरांनी छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि तिथे खरं कारण कळलं, स्लीप अ‍ॅप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, पडजीभ आणि जिभेचा मागचा भाग आत येऊन वाट बंद करतात. अडथळा घशात असेल तर नुसतं नाक मोकळं करून तो कसा जाणार? नाकाचं ऑपरेशन कायम चुकीचंच असं मी म्हणत नाही. काहींना त्याने पुढे श्वासाच्या यंत्राचा मास्क सोसायला मदत होते. पण तो निर्णय रिपोर्ट बघून घ्यायचा. शिवाय भूल देणाऱ्या डॉक्टरांना अ‍ॅप्नियाची कल्पना आधीच असलेली बरी, नाहीतर भुलीतून बाहेर येताना श्वासाचा त्रास होऊ शकतो.

आज रात्रीच एक करा. ते पाठीवर झोपलेले असताना मोबाईलवर व्हिडिओ घ्या, छाती आणि पोट दिसेल असा. आवाज बंद झाल्यावर घड्याळ बघा. पोट वरखाली होतंय पण नाकातोंडातून हवा येत-जात नाही, आणि असं 10 सेकंद किंवा जास्त चाललं, तर तो श्वास थांबणं धरतात. पाण्याखालून वर आल्यासारखा श्वास ते त्यानंतर घेतात. हा व्हिडिओ डॉक्टरांना दाखवा; तोंडी सांगितलेलं ते कानाआड करतात, व्हिडिओ बघावाच लागतो.

तपासणीत डोक्याला, हनुवटीला, पायांना वायरी, छाती-पोटावर पट्टे, नाकाशी नळी आणि बोटाला ऑक्सिजनचा चिमटा असतो. एवढ्यात झोप कशी लागणार असं वाटतं, पण लागते. सकाळी केसातली चिकट पेस्ट तेवढी निघता निघत नाही. रिपोर्टमध्ये एएचआय हा आकडा बघा, म्हणजे तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला. 5 च्या आत ठीक, 15 पर्यंत सौम्य, 30 पर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. आमचा 30 च्या बराच पुढे होता. रात्रीत ऑक्सिजन किती खाली गेला तेही बघा.

सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र, लागलंच तर एकदम विकत घेऊ नका, आधी भाड्याने वापरून बघा. यंत्रापेक्षा मास्कचं माप महत्त्वाचं आहे. आमच्याकडे मिशीमुळे हवा फुसफुसायची, नाकपुड्यांत बसणारा छोटा मास्क घेतल्यावर थांबली. ज्यांचं तोंड उघडं राहतं त्यांना पूर्ण चेहऱ्याचा लागतो. रात्री चेहऱ्याला तेल-क्रीम नको, मास्क सरकतो. यंत्रातली हवा दमट करणाऱ्या ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड वॉटरच घाला, नळाच्या पाण्याने क्षार साचतात. सेकंड हँड यंत्र घेत असाल तर मॉडेल तपासा. 2021 मध्ये फिलिप्सने आतल्या फोमच्या दोषामुळे आपली बरीच यंत्रं परत मागवली होती.

नाकाच्या पट्ट्या, हनुवटीचे बेल्ट, मोहरीच्या तेलाचे थेंब यांवर मी आता एक रुपयाही घालवणार नाही. ज्यांचं साधं घोरणं आहे त्यांना पट्ट्यांनी थोडाफार फरक पडतही असेल, पण श्वास थांबत असेल तर त्यांच्या भरवशावर राहू नका. आणि झोप येत नाही म्हणून कुणी सांगितलेली झोपेची गोळी त्यांना अजिबात देऊ नका. गोळी काय, दारू काय, दोन्हीने घसा आणखी सैल पडतो.

ऑपरेशनची तारीख पुढे ढकलल्याने काही बिघडणार नाही, पण तपासणी याच आठवड्यात करून घ्या. रिपोर्ट येऊन उपचार सुरू होईपर्यंत त्यांना गाडी चालवू देऊ नका. रागावले तरी चालेल.