मणक्यात स्क्रू-रॉड असताना एमआरआय चालतो का?

तुमचे वडील सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत शेडवरून पडले, कमरेत स्क्रू-रॉड बसवले, आता पाय पुन्हा दुखतोय आणि डॉक्टरांनी एमआरआय सांगितलाय. मशीन धातू ओढेल का, ही तुमची भीती.

बहुधा नाही. हल्ली हे स्क्रू बहुतेक टायटॅनियमचे असतात, चुंबक त्यांना ओढत नाही. तरी सेंटरवर आधीच सांगा आणि डिस्चार्ज कार्ड, इम्प्लांटचं स्टिकर असेल तर तेही, सोबत न्या. पेसमेकर असेल तर गोष्ट वेगळी.

खरी अडचण चित्राची आहे. धातूभोवती काळे डाग येतात, कडा वाकड्या दिसतात. अशा वेळी १.५ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीन ३ टेस्लापेक्षा सहसा बरं पडतं, त्यामुळे केवळ मोठ्या मशीनसाठी सोलापूर सोडून पुण्याला धावू नका. ‘आत रॉड आहे’ हे टेक्निशियनला माहीत असेल तर तो सेटिंग बदलून डाग कमी करू शकतो.

एमआरआयवर नसेवरचा दाब, पू, मज्जारज्जू कळतो. हाड जुळलं का, स्क्रू सैल झाला का, यासाठी एक्स-रे आणि सीटीच चांगले. सैल स्क्रूभोवती बारीक काळी कड दिसते. ती नवी आहे की जुनी, हे ऑपरेशननंतरच्या पहिल्या एक्स-रेशी ताडून कळतं, म्हणून जुन्या फिल्म कृपा करून फेकू नका.

लघवी अडली, पायातली ताकद गेली किंवा ताप येऊन जखम पाझरू लागली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.