पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या ३.१५ आवृत्तीत फाइल उघडणाऱ्या ओपन()चं डिफॉल्ट एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) यूटीएफ-८ झालं, तर विंडोजवरच्या जुन्या स्क्रिप्ट मोडतील का?
सगळ्या नाही. सीपी-१२५२ सारख्या कोडपेजमधल्या (विंडोजच्या जुन्या एन्कोडिंगमधल्या) फाइली एन्कोडिंग न लिहिता उघडणाऱ्या तेवढ्याच अडतील. बदल पेप ६८६ (पायथनमधल्या बदलांचा अधिकृत प्रस्ताव) मधला आहे. साध्या इंग्रजी अक्षरांचे बाइट दोन्हीकडे सारखेच, त्यामुळे त्या फाइलींना काही होत नाही. यूटीएफ-८ मधली मराठी फाइल तर उलट आता कुठे नीट उघडेल! आधीच तपासायचं तर ३.१० किंवा पुढच्या आवृत्तीत स्क्रिप्ट '-एक्स वॉर्न_डिफॉल्ट_एन्कोडिंग' लावून चालवा, चाललेल्या कोडमधल्या एन्कोडिंग राहिलेल्या ओळी सापडतात. जिथे जुनंच वागणं हवं, तिथे एन्कोडिंग म्हणून 'लोकॅल' (locale) लिहा. मात्र ३.९ आणि त्याआधी हे नाव ओळखीचं नाही, तिथे एरर येईल. कोडला हातच लावायचा नसेल, तर पायथनयूटीएफ८ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (कोडबाहेर, सिस्टममध्ये ठेवायची सेटिंग) ० ठेवा.