आजीच्या कपाटात जुनी फ्रेंच अत्तराची बाटली सापडली. तळाला ‘आर. लालिक’ कोरलेलं आहे. ती खरी असेल का, आणि विकण्याआधी धुऊन घ्यावी का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण त्याची घाई आहे: धुऊ नका. राखेने किंवा आत तांदूळ घालून खळखळवून तर मुळीच नाही.

रने लालिक मूळचे जवाहिरे. पॅरिसच्या प्लास व्हांदोमवरच्या त्यांच्या दुकानाशेजारीच अत्तरवाले फ्रांस्वा कोती होते, आणि 1908 च्या सुमारास कोतींनी त्यांच्याकडून बाटल्यांचं काम सुरू करून घेतलं. तोवर चांगलं अत्तरही बहुधा साध्या बाटलीत मिळायचं. लालिकनी काच साच्यात दाबून तिच्यावर बायका, फुलं, किडे उठवले आणि खोलगट भागांत तपकिरी रंग चोळला. कोतींच्या ‘आंब्र आंतीक’च्या बाटलीवरच्या चार स्त्रिया त्या रंगामुळेच उठून दिसतात. साबण आणि ब्रश लावला की तोच रंग निघून जातो आणि बाटलीची निम्मी शान जाते. म्हणून धुऊ नका म्हटलं.

आता सहीबद्दल. ‘आर.’ हे अक्षर महत्त्वाचं आहे. 1945 मध्ये रने लालिक वारले, त्यानंतरच्या मालावर नुसतं ‘लालिक, फ्रान्स’ येतं. साहजिकच नवीन बाटलीवर ‘आर.’ कोरून ती जुनी म्हणून खपवणारे पुष्कळ. भिंग घ्या आणि तळ तिरप्या उजेडात धरा. कित्येक दशकं टेबलावर सरकलेल्या बाटलीच्या तळाला बारीक चरे पडतात. ते चरे अक्षरांवरून गेलेले असतील तर चांगली खूण. अक्षरं चऱ्यांना कापत जात असतील आणि कडा पांढऱ्या, करकरीत असतील, तर ती सही नंतर केलेली आहे. साच्यातूनच उठलेली अक्षरं असतील तर त्यांच्या कडा मऊ असतात.

तरीही मी सहीपेक्षा बुचावर जास्त विश्वास ठेवतो. जुन्या चांगल्या बाटलीचं काचेचं बूच त्याच बाटलीच्या मानेत घासून बसवलेलं असे. दुसऱ्या बाटलीत ते नीट बसत नाही. गोंधळ होऊ नये म्हणून बुचाच्या दांड्यावर आणि बाटलीवर एकच आकडा कोरत. लालिकमध्ये हे दिसतं, बाकारा या फ्रेंच काच कारखान्याच्या बाटल्यांमध्येही. आकडे जुळले तर किमतीत मोठा फरक पडतो. बूच घट्ट बसलं असेल तर पिरगाळू नका, मान तडकते. कडेला तेलाचा एक थेंब सोडून रात्रभर ठेवा, सकाळी लाकडी चमच्याने दोन्ही बाजूंनी हळू टिचक्या मारा. गरम पाणी नको. मानेवर दोऱ्याने बांधलेला पातळ पडदा शाबूत असेल तर मात्र उघडूच नका, सीलबंद बाटलीला संग्राहक जास्त मोल देतात.

सही नाही म्हणून बाटली टाकाऊ समजू नका. बाकारा कारखाना 1764 पासूनचा, पण सर्व मालावर खूण नियमित पडू लागली ती 1936 पासून. उलट, 1920 ते 1940 मधल्या कितीतरी ‘फ्रेंच’ बाटल्या प्रत्यक्षात बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक देशातल्या आहेत. उंच, नक्षीदार बुचाच्या असतात. त्याही सुंदर असतात, पण किंमत वेगळी.

तुमची बाटली पंख्यासारख्या निळ्या बुचाची असेल तर ती बहुधा गेर्लां या फ्रेंच अत्तर कंपनीच्या ‘शालिमार’ची. मुघल बागेचं नाव लावलेलं हे अत्तर 1925 चं, बाटली रेमों गेर्लांनी आखली आणि सुरुवातीला बाकाराने बनवली. मग त्यावर लालिकची सही असण्याचं कारणच नाही, आणि असेल तर ती खोटी.

तळ, बुचाचा दांडा आणि मान यांचे जवळून, तिरप्या उजेडात घेतलेले फोटो टाका, मग नक्की काय ते सांगता येईल.