‘फितुरी’ कोणाशी?

प्रश्न : अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवर स्पेननं मिळवलेला विजय शिकताना, विद्यार्थी म्हणून तुमचं कुठलं मत बदललं?

माझा एक शब्द सुटला : फितुरी.

एम.ए.च्या पहिल्या सत्रात मेक्सिकोवर निबंध लिहिला होता. त्यात मी ठोकून दिलं होतं, ‘त्लास्कालाच्या लोकांनी फितुरी केली म्हणून अ‍ॅझ्टेक हरले.’ सरांनी ‘फितुरी’भोवती लाल गोल काढून शेजारी एवढंच लिहिलं : ‘कोणाशी?’

आपल्या डोक्यात शाळेपासून सूर्याजी पिसाळ बसलेला. किल्ला पडला की आधी दार कोणी उघडलं ते शोधायचं, ही सवयच. पण त्लास्काला अ‍ॅझ्टेकांच्या राज्यात नव्हतंच. ते स्वतंत्र होतं, चहूबाजूंनी अ‍ॅझ्टेकांनी वेढलेलं. कित्येक वर्षं तिथे बाहेरून कापूस येत नव्हता, मीठ येत नव्हतं. माणसं अळणी जेवत होती. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. इथे तर मीठच तोडलेलं.

बरं, १५१९ मध्ये स्पॅनिश सरदार कोर्तेस सुमारे ५०० सैनिक घेऊन आला तेव्हा हे लोक लगेच त्याच्या गळ्यात पडले असंही नाही. आधी त्याच्याशी लढले, मग हात मिळवला. १५२० मध्ये स्पॅनिश लोक अ‍ॅझ्टेकांच्या राजधानीतून, टेनोच्टिट्लानमधून, मार खाऊन पळाले, तेव्हा त्यांना तिथेच संपवणं त्लास्कालाला अवघड नव्हतं. त्यांनी आसरा दिला. पुढे सरोवरातल्या त्या राजधानीला वेढा घालायला १३ जहाजं लागली. ती त्लास्कालातच तयार झाली आणि सुटी करून, फळ्या न् फळ्या माणसांच्या पाठीवरून डोंगरापलीकडे सरोवरापर्यंत नेली. ‘मूठभर स्पॅनिशांनी साम्राज्य जिंकलं’ हे वाक्य वाचलं की मला त्या पाठी आठवतात. देवीची साथही १५२० मध्येच आली. स्पॅनिशांना हुसकावणारा अ‍ॅझ्टेक राजा क्विट्लावाक तिनं गेला, आणि त्लास्कालाचा मातब्बर सरदार माशिश्काट्सिनही. १३ ऑगस्ट १५२१ला शहर पडलं.

कोर्तेसची दुभाषी मालिंचे, तिच्यावरही फितुरीचाच शिक्का. मेक्सिकोत परक्यांचे गोडवे गाणाऱ्याला आजही ‘मालिंचिस्ता’ म्हणून हिणवतात. ती कोर्तेसकडे आली कशी? १५१९ मध्ये किनाऱ्यावरच्या माया लोकांनी नजराणा म्हणून २० बायका दिल्या, त्यातली ही एक. जिला वस्तूसारखं देऊन टाकलं तिनं कोणाशी इमान राखायचं होतं?

निबंध पुन्हा लिहिताना मी ‘फितुरी’ खोडून ‘युती’ लिहिलं. सरांना ते पटलं, मला पूर्ण नाही. कारण १५९१ मध्ये स्पॅनिश सरकारनं याच त्लास्कालाची ४०० कुटुंबं उत्तरेला, चिचिमेक या भटक्या टोळ्यांच्या मुलखात वसवायला पाठवली. घोड्यावर बसायची, शस्त्र बाळगायची सवलत देऊन. त्या कुटुंबांना मूळ रहिवासी म्हणू की वसाहतवाले? आमच्या अभ्यासक्रमात दोन्हींचे धडे वेगवेगळे आहेत.